लावलेला अंधार

टेलरकाकूंच्या घरात अंधार पडत नसे. तो लावावा लागे.

यात कोडं काही नाही. काकूंचे यजमान मोठ्या रस्त्यावरच्या एका फोटो स्टुडिओत कामाला होते, आणि तिथे जागा अपुरी पडायची म्हणून फोटो धुवायचं काम घरी घेऊन यायचे. लग्न झाल्याझाल्या त्यांनी मागच्या खोलीची खिडकी फळ्या ठोकून बंद केली, फटींमध्ये चिंध्या कोंबल्या, वरून काळा रंग फासला आणि छताला एक लाल दिवा टांगला. फोटोच्या कागदाला लाल उजेड दिसत नाही. "लाल दिव्यात कागद आंधळा असतो," असं फोटोकाका येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत, जणू कागदाचे डोळे त्यांनी स्वतः तपासले होते. तेव्हा लाल दिवा म्हणजे अंधारच. "अगं, अंधार लाव," अशी आतून हाक यायची आणि काकू बाहेरचं बटण दाबायच्या. "लावला का?" "लावला." यांची मुलगी लहान असताना शेजाऱ्यांकडे जाऊन "तुमचा अंधार कुठल्या बटणावर आहे?" असं विचारून आली होती, आणि ती गोष्ट अख्ख्या बिल्डिंगने पुढे कितीतरी वर्षं चघळली.

अशा रीतीने घरातली सगळ्यात उजेडाची खोली अंधाराला गेली आणि काकूंचं शिलाई मशीन पॅसेजमध्ये आलं. बाथरूमच्या दाराला लागून असलेला तो पॅसेज. कुणाला अंघोळीला जायचं असलं की काकूंनी खुर्चीसकट पुढे सरकायचं, पोट मशीनला टेकवायचं आणि माणूस मागून निघून गेला की परत मागे यायचं. डोक्यावर पिवळा बल्ब. त्या बल्बखाली त्यांनी शर्ट शिवले, पडदे शिवले, शाळेचे गणवेश शिवले, त्यातच मुलगी शिकली आणि लग्न होऊन दुसऱ्या गावी गेली. काकूंनी तोंडातून कधी ब्र काढला नाही असं कुणी म्हणेल, तर ते साफ खोटं आहे. ब्र काढला, आणि रोज काढला. काकांना तो ऐकू यायचा नाही, कारण ते अंधारात असायचे.

मग लोक फोनवर फोटो काढायला लागले आणि स्टुडिओ बंद झाला. खोली मात्र तशीच राहिली. काका रोज जेवण झालं की आत जाऊन बसत. ट्रे पुसत, चिमटे सारखे करत, रिकाम्या दोरीकडे बघत बसत. काकूंनी धीर धरला. माणसाचं काम गेलं आहे, लगेच खोली मागू नये, एवढं त्यांना कळत होतं. पण या धीरालाही काही अंत होता की नाही?

तो अंत एका काळ्या कोटाने आणला. शेजारच्या बिल्डिंगमधल्या वकिलाचा कोट होता, अस्तर उसवलेला. काकूंनी तो नीट करून दिला. दुसऱ्या दिवशी वकील परत आला, हसतच, आणि त्याने कोट दारातल्या उन्हात धरला. काळ्या कापडावर गडद निळ्या दोऱ्याची शिवण, खांद्यापासून खालपर्यंत. "काकू, आता चष्म्याचा नंबर बघून घ्या एकदा," तो म्हणाला, आणि चांगुलपणानेच म्हणाला. काकूंना चष्म्यातून ठणठणीत दिसत होतं. पण पिवळ्या बल्बखाली काळं रीळ आणि गडद निळं रीळ शेजारी ठेवलं तर कुणालाही ओळखता यायचं नाही. वकील गेल्यावर त्यांनी ती शिवण उसवली, दारात बसून पुन्हा घातली, आणि उठताना मनाशी ठरवलं, आता बास. मागच्या खोलीतल्या त्या खिडकीखाली मशीन बसणार म्हणजे बसणार.

नेमकं त्याच आठवड्यात काकांनी झाड आणलं.

खालच्या डेंटिस्टने ते कचऱ्याच्या डब्याशेजारी ठेवून दिलं होतं. पॉइन्सेटिया. थंडीभर दवाखान्याच्या टेबलावर लालभडक पानं मिरवत होतं, दाढ धरून बसलेल्या लोकांना तेवढाच विरंगुळा. आता पानं गळून नुसत्या काड्या उरल्या होत्या. काका कुंडी उचलून नर्सरीवाल्याकडे घेऊन गेले.

"टाकून द्या," नर्सरीवाला म्हणाला. "एका मोसमाचं असतं ते. लोक दर वर्षी नवं घेतात."

काकांना हे फार लागलं. स्टुडिओच्या मालकाने शेवटच्या दिवशी त्यांना साधारण हेच सांगितलं होतं, फक्त चहा पाजून. "पुन्हा लाल होतच नाही का?" त्यांनी विचारलं.

"होतं की. पण करणार कोण? उन्हाळाभर जपायचं, आणि थंडी लागायच्या आधीपासून रोज संध्याकाळी आत घ्यायचं. सकाळपर्यंत पूर्ण अंधार पाहिजे. मध्ये उजेड दिसला की ते हिरवंच राहतं. एवढा अंधार आजकाल कुणाच्या घरात असतो?"

"माझ्या," काका म्हणाले.

घरी येऊन त्यांनी पहिली गोष्ट काय केली, तर काकूंची कापडाची कात्री उचलली आणि झाडाच्या काड्या निम्म्याने छाटल्या. ज्यांच्या घरात शिवणकाम नाही, त्यांना यातलं पाप कळायचं नाही. कापडाची कात्री साध्या कागदालासुद्धा लावायची नसते. मुलीने एकदा त्या कात्रीने पतंगाचा कागद कापला होता तर तिला दिवसभर कुणी जवळ केलं नव्हतं. काकू बाहेरून आल्या तेव्हा पात्यांवर पांढरा चीक वाळत होता, आणि काका बाथरूममध्ये नळाखाली हात धरून उभे होते, कारण त्या चिकाने हातांची आग आग होत होती.

काकूंनी आधी कात्री धुतली, पुसली, तिला तेल दिलं. मग आपल्या खुर्चीवर जाऊन बसल्या आणि खुर्ची मागे घेतली. काका आतच अडकले.

"अगं, सरक."

"मला ती खोली पाहिजे."

"आधी बाहेर तर येऊ दे."

"आधी खोली."

आत नळ बंद झाल्याचा आवाज आला. "त्या खोलीला आता काम निघालंय," काका म्हणाले. "झाडाला अंधार लागतो."

"झाडाला?"

"हो."

"इतकी वर्षं कागदाला लागायचा, आता झाडाला लागतो. मला उजेड लागतो, हे सांगायला कुठला नर्सरीवाला येणार आहे?"

काका बोलले ते हळू आवाजात. "एक थंडी दे मला. झाड लाल झालं तर खोली राहू दे. नाही झालं, तर फळ्या मी स्वतः काढीन."

"थंडी संपेपर्यंत?"

"थंडी संपेपर्यंत."

काकूंनी खुर्ची पुढे घेतली. संध्याकाळी मुलीला फोन लावून साक्षीला घेतलं. "तुम्ही दोघं भांडताय कशावरून? झाडावरून की खोलीवरून?" तिने विचारलं. "खोलीवरून," काकू म्हणाल्या. "झाडावरून," काका म्हणाले, आणि दोघंही एकाच फोनवर बोलत असल्यामुळे तिला काहीच धड ऐकू आलं नाही.

काड्यांना कोंब फुटले. काकांनी कुंडी बदलली, माती भुसभुशीत केली, गॅलरीत सकाळचं ऊन मिळेल आणि दुपारचं लागणार नाही असा कोपरा शोधला. पाण्याचं मात्र त्यांना कळेना. माया उतू गेली की ते पाणी घालत, आणि माया रोजच उतू जायची. खालची पानं पिवळी पडायला लागली तेव्हा काकूंना राहवलं नाही. त्या येता-जाता मातीला बोट लावून बघायच्या, कापड ओलं आहे की इस्त्रीला आलं आहे ते बघतात तसं, आणि माती वर कोरडी झाली तरच पाणी घालायच्या. बशीत साठलेलं पाणी ओतून टाकायच्या. "स्वतःच्या बाजूने खेळतेस की माझ्या?" काकांनी एकदा विचारलं. "झाडाने काय घोडं मारलंय माझं?" काकू म्हणाल्या. करार झाला होता तो लाल होण्याबद्दल. मरण्याबद्दल नव्हे.

पुढे काकांनी शेंडे खुडले. एका फांदीच्या दोन, दोनाच्या चार, असं झाड डेरेदार झालं. यावेळी काका हातात मोजे घालून बसले होते आणि शेंडे नखाने खुडत होते. कात्रीकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही.

दिवस लहान व्हायला लागले तशी काकांची लगबग सुरू झाली. ऊन उतरलं की ते कुंडी दोन्ही हातांनी उचलून मागच्या खोलीत नेत, दार लावून घेत, आणि आतून हाक येई, "अंधार लाव गं." काकूंचा हात मशीनवरून उठून बटणाकडे जाई. "लावला का?" "लावला." इतक्या वर्षांची सवय, हाताला विचारावं लागत नव्हतं. जेवण झालं की काका पुन्हा आत जाऊन झाडाशेजारी बसायचे. पूर्वी ट्रेमधल्या कागदावर चेहरा उमटायची वाट बघत बसत, आता पानांवर रंग उमटायची वाट बघत होते. बऱ्याच दिवसांनी त्यांच्या हाताला काम आणि चेहऱ्याला कळा आली होती.

थंडी आली. झाड हिरवं होतं. थंडी चांगली मुरली, लोकांनी कपाटातले कोट काढून काकूंकडे बटणं लावायला आणून टाकले. झाड हिरवंच होतं. हिरवं, तजेलदार आणि निर्लज्ज. डेंटिस्टच्या टेबलावर तोवर नवं झाड आलं होतं, लालभडक. काका जिन्याने जाता-येता दुसरीकडे बघायला लागले.

काकूंनी काय केलं? काका बाहेर गेल्यावर टेप घेतली आणि मागच्या खोलीत जाऊन फळ्यांवरूनच खिडकीचं माप घेतलं. पडदा पांढरा पातळ ठेवायचा, उजेड अडवणारा नको, इथपर्यंत त्यांचं ठरून गेलं होतं.

आणि मग एका संध्याकाळी मशीनमधली दोऱ्याची बॉबिन पडली. काम संपवून काकूंनी पॅसेजचा बल्ब बंद केला आणि मशीनवर झाकण घालताना बॉबिन हातातून निसटली, घरंगळत गेली. काकू खाली वाकल्या. दिवा लावायला उठावं लागलंच नाही. मागच्या खोलीच्या दाराखालून लाल उजेडाची पट्टी फरशीवर पसरली होती आणि तिच्यात बॉबिन स्पष्ट दिसत होती, दोरा सुटलेला तोही दिसत होता. काकूंनी ती उचलली आणि तशाच वाकून राहिल्या. अंधार लावला होता, आणि अंधारात बॉबिन सापडली होती.

त्यांना सगळं एकदम कळलं. नर्सरीवाल्याने अंधार सांगितला होता तो जगाचा अंधार. हे घरी येऊन लावत होते तो यांचा.

आता खरं तर काही करायचीच गरज नव्हती. गप्प बसायचं, थंडी जाऊ द्यायची, फळ्या आपोआप निघाल्या असत्या. काकू गप्प बसल्याही. रोज बटण दाबत होत्या आणि रोज मूग गिळत होत्या. पण ते त्यांना पटेना. एक तर आत बसलेल्या त्या माणसाची त्यांना दया येत होती, आणि दया आली की त्यांना रागही यायचा. दुसरं म्हणजे, कच्च्या टाक्यावर कपडा गिऱ्हाइकाला द्यायचा नाही, हा त्यांचा जन्माचा नेम. हे जिंकणं तसलंच होतं. पहिल्याच ओढीला उसवलं असतं. त्यांना खोली हवी होती, पण सरळ हवी होती.

एका संध्याकाळी हाक आली, "अंधार लाव गं," आणि काकूंनी बटण दाबलं नाही. त्या दार उघडून आत गेल्या.

"हा दिवा लावायचा नाही," त्या म्हणाल्या. "झाडाला उजेड होतोय."

"अगं, लाल दिवा आहे तो. लाल म्हणजे अंधारच."

"कागदाला. झाड कागद आहे का?"

"इतकी वर्षं या दिव्याने मला कधी फसवलं नाही."

"अंधारात बॉबिन सापडते का हो?"

"बॉबिनचा काय संबंध?"

"मला त्या पट्टीत बॉबिन सापडली. तुमचा हा अंधार दाराखालून पार आपल्या पलंगापर्यंत येतो. तुम्ही इथे काम करत बसायचात आणि मी डोक्यावर उशी घेऊन झोपायची. मला जर त्यात झोप लागत नव्हती, तर झाडाला कशी लागेल?"

काका बघतच राहिले. "हे तू कधी बोलली नाहीस."

"रोज बोलले."

पण फोटोकाका म्हणजे काही साधी असामी नव्हती. चूक कळणं वेगळं आणि कबूल करणं वेगळं. "दिवा बंद होणार नाही," ते म्हणाले. काकूंनी त्यांच्या तोंडाकडे बघितलं आणि त्यांना कळलं की हा हट्ट झाडासाठी नाहीच. दिवा गेला तर त्यांना या खोलीत बसता येणार नव्हतं, आणि बसायला दुसरी जागा त्यांना जगात ठाऊक नव्हती. काकू बाहेर आल्या. पण त्याही हट्टाला पेटल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी माळ्यावरून ट्रंक खाली घेतली. तिच्यात स्टुडिओतल्या जुन्या कॅमेऱ्याचं काळं कापड होतं. ते डोक्यावर घेऊन काकांनी निम्म्या गावाचे फोटो काढले होते. जाड, घट्ट विणीचं, सुईलाही सहज दाद न देणारं. काकूंनी विचारलं नाही की परवानगी घेतली नाही. आतून दुहेरी अस्तर लावलं, झाडाच्या मापाची उंच खोळ बेतली, पानं दबू नयेत म्हणून वर तारेचं कडं घातलं, आणि खालच्या कडेला नाडी ओवली. शिवून झाल्यावर खोळ स्वतःच्या डोक्यावर घेऊन त्या बल्बखाली उभ्या राहिल्या. काही म्हणजे काही दिसलं नाही. हा खरा अंधार. बाथरूमकडे निघालेल्या काकांनी आपली बायको पॅसेजमध्ये काळी खोळ घालून उभी असलेली बघितली आणि ते दोन पावलं मागे सरकले.

"माझं कापड कापलंस?" काकांनी विचारलं.

"माझी कात्री घेतली होतीत," काकू म्हणाल्या. फिट्टंफाट झाली.

त्या दिवसापासून ऊन उतरलं की काकू झाडावर खोळ चढवायच्या, नाडी आवळायच्या, मग काका कुंडी आत न्यायचे. "घाल, टोपडं घाल तुझ्या बाळाला," असं पुटपुटत का होईना, न्यायचे. जेवणानंतर लाल दिव्याखाली खोळ घातलेल्या झाडाशेजारी बसायचे. बघायला काहीच नव्हतं तरी बसायचे. सकाळी काकू उठल्या की आधी खोळ काढायच्या, मग चहा.

थंडी ओसरायच्या बेताला आली होती. एका सकाळी काकूंनी गॅलरीत खोळ काढली आणि चष्मा पुसला. सगळ्यात वरच्या कोवळ्या पानाची शीर लाल होती. शेजारच्या पानाचीही. मधोमध बारीक पिवळे मणी दिसत होते. खरं फूल म्हणजे तेच, शर्टाच्या कॉलरच्या बटणाएवढं, बाकी सगळा थाट पानांचा. त्यांना आनंद झाला. आणि त्याच श्वासात पांढरा पडदा डोळ्यांसमोर आला.

"इकडे या," त्यांनी हाक मारली.

काका आले, वाकले. बोटाने पान उचललं, सोडलं.

"झालं लाल," ते म्हणाले.

"झालं. थंडी संपायच्या आत. खोली तुमची," काकू म्हणाल्या, आणि पॅसेजमध्ये जाऊन मशीनवर बसल्या. शब्द म्हणजे शब्द. बल्ब लावला, सुईत दोरा ओवायला घेतला, आणि तो पहिल्यांदाच काही केल्या ओवला जाईना.

पुढे पानांमागून पानं रंगत गेली. वरचा सगळा घेर लाल झाला. काका खूश दिसायला हवे होते, पण दिसत नव्हते. लाल दिव्याखाली बसणंही त्यांनी कमी केलं.

एक दिवस काकू वकिलाचा दुसरा कोट पोहोचवून घरी आल्या तर आतून ठोकाठोक ऐकू येत होती. मागच्या खोलीचं दार सताड उघडं होतं, आणि दारातून पॅसेजपर्यंत ऊन आलं होतं. त्या घरात, त्या ठिकाणी, ऊन. काका स्टुलावर उभे होते, हातात पक्कड, केसांत काळ्या रंगाच्या खपल्या. फळ्या खाली भिंतीला टेकवलेल्या. खिडकीच्या कट्ट्यावर झाड होतं आणि उन्हात त्याचा लाल रंग बघवत नव्हता इतका लाल दिसत होता.

"हे काय? करार मोडताय?" काकूंनी विचारलं.

"लाल झाल्यावर त्याला भरपूर उजेड लागतो म्हणे," काका पाठमोरेच म्हणाले. "नर्सरीवाला सांगत होता."

"झाडाला?"

"हो. झाडाला."

मग ते स्टुलावरून उतरले, पॅसेजमध्ये गेले, आणि काकूंचं मशीन एकट्यानेच ओढायला लागले. त्याचे पाय फरशीवर करकरले. काकू धावल्या आणि दुसऱ्या बाजूने त्यांनी धरलं. खिडकीखाली मशीन बसवून झाल्यावर काकांनी खिशातून दोन रिळं काढली आणि तळहातावर धरली. "यातलं काळं कुठलं?" त्यांनी विचारलं. काकूंनी बोट लावून दाखवलं. त्यांचे डोळे भरले होते तरी ते बरोबर होतं.

"खोळीतला अंधार कुठेही चालला असता," काका म्हणाले. "पहिल्या दिवशीच कळलं होतं मला. खोली लागतच नव्हती."

"मला शिवतानाच कळलं होतं," काकू म्हणाल्या.

"मग बोलली का नाहीस?"

काकूंनी त्यांच्या तळहातावरचं काळं रीळ उचललं आणि सुईत दोरा ओवायला घेतला.

पुढच्या वर्षी दिवस लहान व्हायला लागले तेव्हा झाड चांगलं कमरेपर्यंत आलं होतं आणि काकूंना खोळ वाढवावी लागली. लाल दिवा आता छतावर नाही. काकांची खुर्ची मशीनच्या शेजारी असते, आणि ते काकूंची काजं-बटणं करून देतात, तक्रार करत. ऊन उतरलं की काकू सुई थांबवून उठतात आणि कट्ट्यावरच्या झाडावर खोळ चढवतात.

"अंधार लावला का?" काका मान वर न करता विचारतात.

काकू नाडी आवळतात. "लावला," म्हणतात, आणि खोलीतला दिवा लावून पुन्हा मशीनवर बसतात.